गाडी पाणी पिते तेव्हा

खंबाटकीच्या चढावर अर्ध्यातच तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. गाडी मेव्हण्याची. वीस वर्षांची जुनी, तीन सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. कडेला घेतली, बॉनेट उघडलं, तासभर झाडाखाली बसून राहिलो आणि ती निवल्यावर आमच्या बाटल्यांतलं पाणी तिला पाजून साताऱ्याला पोचलो. पुढच्या पंधरवड्यात दर दोन दिवसांनी रेडिएटरमध्ये अर्धा लिटर पाणी घालायची वेळ आली. पार्किंगच्या फरशीवर मात्र एक थेंब दिसेना.

गॅरेजवाल्याने इंजिन ऑइलचं झाकण काढून आतला फिकट तपकिरी फेस दाखवला. मग सायलेन्सरमधून येणाऱ्या पांढऱ्या धुराकडे बोट केलं. "काका, हेड गॅस्केट गेलं. हेड उतरवावं लागणार."

निदान पुढे बरोबर निघालं. पण त्यासाठी त्याने दाखवलेले दोन्ही पुरावे कुचकामी होते.

इंजिनाचे मुख्य भाग दोन. खालचा ब्लॉक, ज्यात पिस्टन वरखाली होतात, आणि त्यावर बोल्टांनी आवळलेलं हेड. या दोहोंमध्ये जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचा जो पत्रा दाबून बसवलेला असतो, तो हेड गॅस्केट. कुकरच्या रबरी रिंगचा हा थोरला भाऊ म्हणा, पण याचं काम कितीतरी अवघड. कुकरच्या रिंगला फक्त वाफ अडवायची असते. इथे एकाच पत्र्याला तीन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवायच्या असतात: सिलिंडरमधला जळता वायू, त्याच्याभोवती फिरून इंजिन थंड ठेवणारं कूलंट आणि वर चढणारं ऑइल. इंजिन जोर लावत असताना जळत्या वायूचा दाब हवेच्या दाबाच्या ४० ते ६० पट होतो, कूलंटचा मात्र हवेपेक्षा फार तर एक पट जास्त. मधली भिंत काही ठिकाणी बोटभरही रुंद नसते.

त्यात बऱ्याच जुन्या गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. ३० सेंटिमीटर लांबीचं हेड २० अंशांवरून ९० अंशांवर गेलं तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढायला बघतं, खालचा ब्लॉक मात्र पाव मिलिमीटर. म्हणजे गाडी चालू करून बंद केली की दर वेळी गॅस्केट वरून-खालून थोडं थोडं घासलं जातं. वीस वर्षं रोज. अशात एकदा इंजिन बेसुमार तापलं की बोल्टांनी जखडलेल्या हेडला पसरायला जागा उरत नाही आणि ते वाकतं.

आता तो फेस. फेटलेल्या कॉफीसारखा दिसतो आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की असा फेस होतो हे खरंच. पण पाणी कूलंटमधूनच आलं पाहिजे असं कुठे आहे? मेव्हणा गाडी रोज दोन किलोमीटरवरच्या ऑफिसला नेतो. तेवढ्यात ऑइल पुरतं तापत नाही, आतल्या हवेतलं बाष्प झाकणासारख्या थंड जागी जमतं आणि ऑइलमध्ये घुसळलं जातं. पावसाळ्यात तर हे हमखास. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं, ऑइलही दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी. आमची डिपस्टिक स्वच्छ होती.

धुराचंही तसंच. पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं आणि हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलमागे जवळपास एक लिटर पाणी बाहेर पडतं! सकाळी सायलेन्सर थंड असताना ते वाफेच्या रूपात दिसतं, थेंब थेंब गळतंही. सायलेन्सर चांगला तापल्यावरही पांढरे लोट थांबत नसतील आणि त्यांना गोडसर वास असेल, तर संशय घ्यावा. हा गोडवा कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलचा. ते विषारी आहे. बोटाला लावून चाखायचं नाही आणि सांडलेलं तसंच ठेवायचं नाही, कारण कुत्री-मांजरं ते चाटतात.

मग खरा पुरावा कुठला? मला विचाराल तर एकच प्रश्न महत्त्वाचा: आधी उष्णता येते की आधी दाब?

निरोगी इंजिनात कूलंट तापतं, प्रसरण पावतं, त्याची वाफ होऊ लागते आणि त्यामुळे दाब वाढतो. याला काही मिनिटं लागतातच. रात्रभर थंड झालेल्या इंजिनात पहिल्या मिनिटाला दाब वाढायला काहीच कारण नसतं. म्हणून सकाळी रेडिएटरचं झाकण काढायचं (फक्त थंड असतानाच, गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं), पुन्हा घट्ट बसवायचं, गाडी सुरू करायची आणि वरचा होज पाइप चिमटीत धरायचा. आमचा पाइप हाताला अजून गारच होता. पण मिनिटभरात तो भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखा टणक झाला. उष्णतेच्या आधी दाब आला होता, म्हणजे तो पाण्याच्या वाफेचा नव्हता. सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसत होता.

हे मेव्हण्याला पटलं, मला पुरतं पटलं नव्हतं. म्हणून ओळखीच्या दुसऱ्या गॅरेजमधून एक काचेची नळी आणि निळ्या द्रवाची बाटली आणली. तो निळा रंग ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तोच. पीएच ७.६ च्या वर निळा, ६ च्या खाली पिवळा आणि मध्ये हिरवा. हवेत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम ०.०४ टक्के, पेट्रोलच्या धुरात मात्र १२-१४ टक्के. तो पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं आणि रंग बदलतो. द्रव चांगला आहे का हे पाहायला त्यात स्ट्रॉने फुंकावं (फुंकायचं, ओढायचं नाही!). आपल्या उच्छ्वासातला चारेक टक्के कार्बन डायऑक्साइड त्याला पिवळा करायला पुरतो. ताजी हवा दिली की तो पुन्हा निळा होतो.

रेडिएटरमधलं कूलंट थोडं कमी केलं, कारण द्रवात कूलंट गेलं तर चाचणी फुकट जाते. नळी तोंडावर बसवली आणि गाडी सुरू ठेवून वरची हवा रबरी फुग्याने द्रवातून ओढत राहिलो. आधी काही झालं नाही. मग कडेने हिरवट झाक आली आणि दोन मिनिटांत नळीत लिंबाच्या सरबतासारखा पिवळा रंग. एवढं मात्र खरं, की निळा रंग कायम राहिला म्हणून गॅस्केट निर्दोष सुटत नाही. काही गळत्या घाटात, इंजिनावर जोर आल्यावरच उघडतात.

कोणत्या सिलिंडरची गळती हे कॉम्प्रेशनच्या चाचणीने, म्हणजे प्रत्येक पिस्टन हवा किती दाबतो ते मोजून, कळलं. प्लग काढून गेज लावलं, तर पहिला आणि तिसरा सिलिंडर साडेअकरा बार दाखवत होता, मधला नऊ (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका). चमचाभर ऑइल टाकूनही मधल्याचा आकडा वाढला नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक होत्या (त्या झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा वाढला असता). त्याचा प्लगही बाकीच्या दोघांपेक्षा पांढराफटक.

तेवढ्यात दुकानदाराने गळती बंद करणारी बाटली सुचवलीच. अशा काही बाटल्यांत सोडियम सिलिकेट असतं, जे तापून सुकलं की काचेसारखं घट्ट होतं. २००९ मध्ये अमेरिकेत जुन्या गाड्या मोडीत काढायची सरकारी योजना आली, तेव्हा त्या पुन्हा चालू नयेत म्हणून इंजिनात ऑइलच्या जागी हेच ओतत. गाडी पुढच्या महिन्यात विकायची असेल तर घाला, असं मी म्हणालो. मेव्हण्याने डोळे वटारले.

हेड उतरवलं. दोन पिस्टन काळेकुट्ट, मधला राखेने घासलेल्या पातेल्यासारखा लख्ख. आत शिरणाऱ्या पाण्याची वाफ त्यावरची काजळी रोज धूत होती. मिस्त्रीने हेड उलटं करून त्यावर सरळ पट्टी धरली आणि खालून फट मोजायच्या फीलर गेजची ०.१५ मिलिमीटरची पाती सरकवली. ती सहज आरपार गेली. अशा इंजिनांत ०.०५ च्या आसपासच चालतं. हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, लेथवाल्याकडे गेलं.

राहता राहिलं मूळ कारण. रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग हवेच्या दाबावर आणखी ०.९ बार दाब धरून ठेवते, त्यामुळे साधं पाणीही ११९ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण गळकं असेल तर शंभरालाच उकळतं, महाबळेश्वरला तर पंचाण्णवच्या आसपास. आमच्या झाकणाचं रबर नखाने दाबलं तशी त्याची खपली निघाली.