नाममुद्रा ते टोपणनाव : मराठी लेखकाच्या दुसऱ्या नावाची पार्श्वभूमी

टोपणनाव म्हटले की लेखकाने स्वतःला लपवले, असा अर्थ आपण सहज काढतो. मराठीतील या प्रथेचा इतिहास पाहिला तर हा अर्थ अपुरा ठरतो, कारण येथे दुसरे नाव घेणाऱ्यांपैकी अनेकांनी त्या नावातून स्वतःचे कोणाशी तरी असलेले नातेच उघडपणे सांगितले आहे.

या प्रथेचे मूळ अभंगाच्या शेवटच्या चरणात येणाऱ्या नाममुद्रेत शोधावे लागते. ‘तुका म्हणे’ ही मुद्रा कवीचे नाव थेट सांगते. परंतु एकनाथ ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा घेतात आणि आपल्या नावाला गुरू जनार्दनस्वामींचे नाव जोडूनच थांबतात. ज्ञानदेवांच्या अभंगांत ‘बापरखुमादेविवरु’ ही मुद्रा येते, म्हणजे तेथे कवी आपल्या नावाच्या जागी विठ्ठलालाच उभे करतो. नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवते आणि तिची ही ओळख, जी व्यवहारात दास्याची होती, अभंगात तिच्या कर्तृत्वाची खूण बनते. मुद्रेला एक व्यावहारिक बाजूही होती. रचना मुखोद्गत होऊन पसरत असताना ती कोणाची, हे सांगणारे दुसरे साधन नव्हते, आणि म्हणूनच दुसऱ्याचे काव्य आपले म्हणून मिरवणाऱ्या सालोमालोंवर तुकोबांनी आपल्या अभंगांत कडक टीका केली आहे.

छपाई आणि नियतकालिके आल्यावर दुसऱ्या नावाला वेगळे काम मिळाले. गोपाळ हरी देशमुख यांनी 1848 पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहिली, जी पुढे ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली. ते सरकारी नोकरीत होते आणि पत्रांचा रोख आपल्याच समाजातील रूढींवर व विद्येच्या मक्तेदारीवर होता. तरीही हे नाव केवळ आडोसा नव्हते, कारण आपण कोणासाठी लिहितो हे त्यातच जाहीर केलेले होते. पुढे लोक त्यांना याच नावाने ओळखू लागले.

आधुनिक कवितेत मात्र जुन्या मुद्रेचा नात्याचा धागा पुन्हा वर आला. कृष्णाजी केशव दामले ‘केशवसुत’ झाले, राम गणेश गडकरी ‘गोविंदाग्रज’ झाले आणि विष्णु वामन शिरवाडकर ‘कुसुमाग्रज’ झाले. यांतील शेवटचे उदाहरण सर्वांत बोलके आहे, असे मला वाटते. शिरवाडकरांचे जन्मनाव गजानन रंगनाथ होते. काका वामन शिरवाडकर यांना दत्तक गेल्यावर नाव आणि वडिलांचे नाव दोन्ही बदलले. कागदोपत्री ओळख अशी बदललेल्या या माणसाने कवितेसाठी जे नाव निवडले, ते धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या नावावरून. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचे, ही वाटणी त्यांनी सांभाळली. गडकऱ्यांनीही कविता ‘गोविंदाग्रज’ नावाने, विनोदी लेखन ‘बाळकराम’ नावाने आणि नाटके स्वतःच्या नावाने लिहिली. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कवितेसाठी ‘आरती प्रभू’ हे नाव राखून ठेवले. एकाच माणसाच्या वेगवेगळ्या लेखनप्रकृतींना वेगवेगळी नावे देण्याची ही पद्धत वाचकांनी फारशी खळखळ न करता स्वीकारली.

स्त्रीच्या बाबतीत ही उदारता दिसली नाही. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने प्रसिद्ध झाला, तेव्हा शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित मुलींची मनःस्थिती आणि शरीराची ओढ इतक्या स्पष्टपणे लिहिलेली पाहून मोठे वादळ उठले. कथांइतकीच चर्चा लेखिका कोण, याची झाली. त्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर होत्या. येथे टोपणनाव खरोखरच संरक्षण होते, आणि ज्या समाजामुळे ते आवश्यक ठरले, त्याच्याबद्दल ते बरेच काही सांगून जाते. तथापि खरे नाव उघड झाल्यावरही ‘विभावरी शिरूरकर’ संपल्या नाहीत. तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीतील जीवनावरची ‘बळी’ ही कादंबरी 1950 मध्ये याच नावाने आली. लपण्याची गरज सरल्यानंतरही टिकून राहिलेले हे नाव तोवर त्यांच्या लेखनाचेच नाव झाले होते.

कायद्यानेही ही दुहेरी ओळख मान्य केली आहे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. परंतु त्या मुदतीत लेखकाची खरी ओळख जाहीर झाली, तर ही 60 वर्षे त्याच्या मृत्यूनंतर मोजली जातात.