गांजा सोडणं

गांजा सोडणं म्हणजे गांजा, चरस किंवा भांग रोज घेऊन शरीराला आणि डोक्याला जडलेली सवय मोडणं आणि त्याच्याशिवाय दिवस काढायला परत शिकणं. व्यसनमुक्तीवाले याला रिकव्हरी म्हणतात. दारू सोडण्याबद्दल मराठीत ढीगभर लिहिलं गेलंय, गांजाचं मात्र घोडं पहिल्याच प्रश्नावर अडतं, की याचं व्यसन लागतं तरी का. पुण्यातल्या कुठल्याही हॉस्टेलवर विचारा, उत्तर ठरलेलं असतं, नॅचरल आहे रे, झाडपाला आहे, भोलेनाथाचा प्रसाद आहे. तंबाखू पण झाडपालाच आहे म्हणा.

तर, लागतं. सगळ्यांना नाही, घेणाऱ्या १० मधल्या साधारण एकाला, आणि दहावी-बारावीच्या वयातच सुरू केलं असेल तर ६ मधल्या एकाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयाचे ३.१ कोटी लोक वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले निघाले आणि त्यातल्या सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज होती. होतं असं की गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, मेंदूतल्या सीबी-१ नावाच्या रिसेप्टरवर (पेशीवरची रसायन पकडणारी जागा) जाऊन बसतं, रोज एवढा मारा व्हायला लागला की मेंदू ते रिसेप्टरच कमी करतो, मग एका जॉइंटचे (गांजा भरलेल्या सिगरेटचे) दोन होतात, दोनाचे चार, आणि शेवटी माणूस मजा येते म्हणून नाही तर नॉर्मल वाटावं म्हणून ओढत असतो. यातली चांगली बातमी अशी की सोडल्यावर दोन दिवसांतच हे रिसेप्टर परत यायला लागतात आणि चारेक आठवड्यांत बरेचसे जागेवर येतात, हे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलेलं आहे.

पहिला महिना

दारू सुटताना हात थरथरतात, फिट येऊ शकते, घरच्यांना दिसतं तरी. गांजाचं तसं काही दिसत नाही म्हणून विड्रॉवल, म्हणजे नशा थांबल्यावर शरीराला होणारा त्रास, नसतंच असं कित्येक वर्षं धरून चालले होते, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या मानसिक आजारांच्या यादीत ते अधिकृतपणे आलं ते थेट २०१३ मध्ये. एक-दोन दिवसांत सुरू होतं, पहिला आठवडा सगळ्यात वाईट, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक ओसरतं. चिडचिड, जेवणावरून मन उडणं, घाम, बेचैनी, आणि झोप. झोपेचं प्रकरण सगळ्यात चिवट. रात्री तीन वाजता पोरगं उठून बसलंय, बनियन आणि उशीचा अभ्रा घामाने ओला, आईला वाटतं ताप उतरला, ती क्रोसिन आणून देते आणि हा काय सांगणार. त्यात स्वप्नं. गांजा स्वप्नांची झोप दाबून ठेवतो, तो गेला की ती उसळून वर येते आणि दोन-तीन वर्षं एक स्वप्न न पडलेल्या माणसाला रात्रभर थेटरात बसवल्यासारखं होतं. स्वप्नात जॉइंट ओढला आणि दचकून जागा झाला, खरंच ओढला की काय म्हणून स्वतःवरच चिडला, हे तर इतकं कॉमन आहे की सोडलेले लोक एकमेकांना हसत हसत सांगतात. हे माहीत नसेल तर माणूस चौथ्या रात्री म्हणतो, झोपेपुरता एक मारतो, आणि तिथेच सगळं मुसळ केरात.

संध्याकाळ हा दुसरा शत्रू. ऑफिस किंवा कॉलेज सुटलं, टपरीवर चहा, मग टेकडी, हा कार्यक्रम तीन-चार वर्षं चालला असेल तर पाय आपोआप तिकडेच वळतात. म्हणून समुपदेशक सांगतात की निदान सुरुवातीचे तीन महिने तो रस्ता, ती टपरी आणि ती मंडळी टाळा, माल देणाऱ्याचा नंबर उडवा, जॉइंट वळायचे गोगो पेपर आणि गांजा बारीक करायचा क्रशर घराबाहेर काढा. घराबाहेर म्हणजे खरंच बाहेर, नाहीतर रात्री दोनला तीच पोरं कचऱ्याची बादली उपसत बसतात.

एक गोष्ट फार कमी लोक बोलतात ती म्हणजे तंबाखू. आपल्याकडे जॉइंट बहुतेक वेळा सिगरेट रिकामी करून, तंबाखू तळहातावर घेऊन, त्यात गांजा मळूनच बनतो, म्हणजे तलफ नेमकी कशाची हे ओढणाऱ्यालाही कळत नाही. गांजा सुटला आणि सिगरेटी पाचाच्या पंधरा झाल्या असं सर्रास होतं, आणि हातात सिगरेट असली की पुढचं पाऊल लांब नसतं. जमलं तर दोन्ही एकदम सोडावं.

उपचार

गांजाचं व्यसन घालवणारी मान्यताप्राप्त गोळी अजून नाही. झोपेसाठी डॉक्टर थोडे दिवस औषध देतात, पण मुख्य भर बोलण्यावरच, म्हणजे समुपदेशन, सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धत), घरच्यांना सोबत घेणं. बहुतेकांना ॲडमिट व्हायची गरज पडत नाही. मात्र कानात आवाज येत असतील, सगळे आपल्या मागावर आहेत असं वाटत असेल तर थांबायचं नाही, सरळ मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. अजून एक, वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काहींना उलट्यांचा आजार होतो आणि गरम पाण्याने अंघोळ केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. घरात पित्त झालंय म्हणून कोकम सरबत चालू असतं. तो थांबतो फक्त गांजा थांबवल्यावर.

पुण्यात व्यसनमुक्ती म्हटलं की पहिलं नाव मुक्तांगण. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांची मदत होती. तेव्हा शहरात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, थैमान घातलं होतं, केंद्र त्यासाठी निघालं आणि मग दारूपासून गांजापर्यंत सगळेच यायला लागले. फोनवर विचारायचं असेल तर केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाईन आहे, मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानस १४४१६.

आईवडील कचरतात ते पोलिसांत नाव जाईल म्हणून. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा ओढणं हा गुन्हाच आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही (नुसत्या पानांची भांग कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाही, ही आपल्याकडची गंमत). पण त्याच कायद्याचं कलम ६४अ सांगतं की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर सेवनाबद्दल किंवा थोड्या मालाबद्दल त्याच्यावर खटला चालवायचा नाही, अट एवढीच की उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. हे कलम वकिलांना माहीत असतं, आईवडिलांना नसतं.

नवीन नोकरीच्या मेडिकलची धास्ती असते तिचं म्हणाल तर टीएचसी चरबीत साठतं, रोजच्या ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभर किंवा जास्तही सापडू शकतं, लिंबूपाणी ढोसून ते धुतलं जात नाही.

नार्कोटिक्स ॲनॉनिमस या नशा सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या मीटिंगा पुण्यातही भरतात, फी नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही. तिथे किल्लीला लावायचे टॅग देतात, पहिल्या दिवशी पांढरा, ३० दिवसांचा केशरी, ६० चा हिरवा, ९० चा लाल, वर्षाचा अंधारात चमकणारा. मधेच घसरलेला माणूस परत आला की त्याला पुन्हा पांढरा मिळतो, आणि टाळ्या त्यालाही पडतात. काहींच्या ड्रॉवरमध्ये पांढरेच पाच-सहा असतात.