एका पोटदुखीची पाच नावं

आमच्या आईचं निदान पहिल्याच आठवड्यात झालं होतं. पोरगं बाहेरचं खातंय, जागरणं करतंय, अंगात उष्णता वाढलीये, सब्जा भिजवून द्या.

पोरगं म्हणजे माझा भाचा. बार्शीहून इंजिनिअरिंगला पुण्यात आलेला, आमच्याकडेच कर्वेनगरला राहायचा, वय 19. दिवसातनं सहा-सात वेळा संडास, बेंबीच्या खाली उजवीकडे कळ, सारखं तोंड आलेलं, संध्याकाळी कणकण, आणि चार महिन्यांत 9 किलो वजन गेलं. कॉलेजला जायला तो वनाझवरनं मेट्रोच पकडायचा. का तर "मामा, स्टेशनात टॉयलेट असतं, पीएमटीत काय करू सांग." तेव्हा मी हसलो होतो. मी ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवतो, पचनसंस्था दरवर्षी फळ्यावर काढतो, तरी हसलो. पुढची पावणेतीन वर्षं या एका दुखण्याला नावं मिळत गेली, उष्णता, मूळव्याध, आव, टीबी, आणि सगळ्यात शेवटी क्रोन्स. गंमत म्हणजे यातलं कुठलंच नाव अगदी हवेतनं आलेलं नव्हतं, म्हणून तर इतका वेळ गेला.

पहिलं आईचंच घ्या. इन्फ्लमेशनला मराठीत आपण दाह म्हणतो आणि दाह म्हणजे जळणं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधल्या सेल्ससनं दाहाची चार लक्षणं लिहून ठेवली, लाली, सूज, उष्णता आणि वेदना, मेडिकलची पोरं ती आजही पाठ करतात. म्हणजे आईची उष्णता तिथे तिसऱ्या नंबरवर आहेच. फक्त ती मिसळीनं चढत नाही आणि सब्जानं उतरत नाही.

मग ती येते कुठून? आतड्याचं अस्तर आधी डोळ्यासमोर आणा. पूर्वी पुस्तकांत लिहायचे की ते पसरलं तर टेनिस कोर्टाएवढं होईल, 2014 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नीट मोजलं तर ते साधारण 32 चौरस मीटर भरलं, म्हणजे अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाच्या आसपास (ज्या खेळाला इंग्रज एकेकाळी 'पूना' म्हणायचे तोच, तेव्हा आपल्याला हे माप बरं). एवढ्या जागेवर पेशींचा फक्त एक थर, तोही चार-पाच दिवसांत झडून नवीन येतो. थराच्या एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला बॅक्टेरिया. आपल्या शरीरातले एकूण बॅक्टेरिया अंदाजे 38 लाख कोटी धरतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यातच राहतात. मध्ये चिकट म्यूकसचं आवरण, आणि थराच्या खाली शरीरातला सगळ्यात मोठा इम्यून पेशींचा फौजफाटा. या फौजेला लढण्यापेक्षा गप्प बसायचं ट्रेनिंग जास्त असतं, कारण समोरचा बॅक्टेरिया भाडेकरू आहे, रोज दिसतो, त्याला रोज ठोकून चालत नाही.

विसर्जनाचा बंदोबस्त आठवा. लक्ष्मी रोडला बॅरिकेड, गल्लीबोळ बंद, चौकाचौकात पोलीस. एक-दीड दिवसानं मिरवणूक संपते, बॅरिकेड उचलतात, दुकानं उघडतात. साधं इन्फेक्शन असंच, जंतू आला, फौज आली, सूज आली, चार दिवसांनी सगळं उठलं. आयबीडीमध्ये, म्हणजे आतड्याची सूज हटतच नाही अशा आजारांमध्ये (क्रोन्स त्यातलाच एक), मिरवणूक केव्हाच गेलेली असते, किंवा आलेलीच नसते, आणि बंदोबस्त मात्र उठत नाही. उलट पोलीस दिसतात म्हणून आणखी पोलीस बोलावले जातात. पेशी टीएनएफसारखी रसायनं सोडतात, त्यानं आणखी पेशी येतात, अस्तराला जखमा होतात, जखमेतनं बॅक्टेरिया आत डोकावतात, मग फौजेला वाटतं की बघा, आम्ही म्हणत होतो ना! हे चक्र वर्षानुवर्षं चालतं, मध्येच थंडावतं आणि मध्येच भडकतं.

आणि हो, आयबीएस वेगळं. त्यात त्रास खरा असतो पण आतड्याला जखमा नसतात. एका अक्षराच्या फरकामुळे स्टाफरूममध्ये अर्ध्या लोकांनी मला "टेन्शन कमी घ्यायला सांग त्याला" असा सल्ला दिला.

दुसरं नाव मूळव्याध. पुण्यात कुठल्याही रस्त्यानं जा, विजेच्या खांबावर 'मूळव्याध भगंदर' अशी पाटी दिसतेच. रक्त पडलं की मूळव्याध हे समीकरण इतकं पक्कं आहे की लोक तपासूनही घेत नाहीत. भाच्याला संडासच्या जागेजवळ गळू झालं, ते फुटलं, भगंदर झालं, एका ठिकाणी ऑपरेशन केलं आणि ती जखम पाच महिने भरलीच नाही. पुन्हा छोटं ऑपरेशन. तिथल्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही, भगंदर खरंच होतं. पण क्रोन्समध्ये सूज आतड्याच्या भिंतीच्या आरपार जाते आणि तिथून बोगदा खणावा तसा मार्ग बाहेर काढते, आतली सूज आटोक्यात आणल्याशिवाय नुसता बोगदा कापला तर तो भरत नाही. विशीतल्या मुलाला भगंदर होतंय, वजन उतरतंय, जुलाब होतायत, या तीन गोष्टी एका कागदावर कुणी लिहिल्याच नाहीत, कारण त्या तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या फायलींत होत्या.

तिसरं आव. शी तपासली, अमीबा निघाला, मेट्रोनिडॅझोलचा कोर्स दिला आणि त्याला चक्क बरं वाटलं. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. आता कळतं की आपल्याकडे अमीबासारखं काहीतरी रिपोर्टमध्ये दिसणं काही मोठी गोष्ट नाही, आणि हे औषध आतड्यातले बॅक्टेरियाही कमी करतं, त्यामुळे क्रोन्सवाल्यांनाही थोडे दिवस आराम पडू शकतो. दोन महिन्यांत सगळं परत सुरू झालं.

चौथं नाव सगळ्यात अवघड. सीटी स्कॅनमध्ये लहान आतड्याचं शेवटचं टोक जाड झालेलं दिसलं, कोलोनोस्कोपीत तिथे अल्सर दिसले, बायोप्सीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींनी शत्रूभोवती धरलेलं रिंगण. भारतात हे तिन्ही एकत्र दिसलं की पहिला शब्द टीबी, आणि ते चूक नाही, जगातल्या टीबी पेशंटपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्याकडे आहे. पोटाच्या टीबीला आणि क्रोन्सला आतड्याची तीच जागा आवडते, ताप तोच, वजन तसंच उतरतं. टीबीच्या ग्रॅन्युलोमामध्ये मध्यभागी पनीरासारखा कुस्करा झाला असेल किंवा जंतू प्रत्यक्ष सापडला तर प्रश्न मिटतो, पण आतड्याच्या तुकड्यात तो बऱ्याचदा सापडतच नाही. चुकीच्या बाजूला जाण्याची किंमत सारखी नसते हा आणखी एक पेच. क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले आणि निघाला टीबी, तर तो अंगभर पसरू शकतो. म्हणून डॉक्टर आधी टीबीची औषधं, म्हणजे एकेटी, चालू करून बघतात.

इथे जे चुकलं त्यात आमचाही वाटा आहे. एकेटीनं त्याला बरं वाटायला लागलं, दोन किलो वजन वाढलं, परीक्षा होती, आणि दोन-तीन महिन्यांनी करायची स्कोपी आम्ही ढकलत राहिलो. एकेटीवर क्रोन्सच्या पेशंटलाही बरं 'वाटू' शकतं, दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी यावर अभ्यास केलेत, पण अल्सर भरत नाहीत. टीबी असेल तर एवढ्या काळात अल्सर भरत आलेले दिसतात. म्हणजे पेशंटला कसं वाटतंय याच्यापेक्षा कॅमेऱ्याला काय दिसतंय ते महत्त्वाचं. आम्ही सहा महिने संपल्यावर, दुसऱ्या डॉक्टरांकडे, ती स्कोपी केली. अल्सर जिथल्या तिथे, मध्ये चांगलं आतडं, पुढे परत अल्सर, आणि एके ठिकाणी आतडं अरुंद झालेलं. तो अरुंदपणा आता औषधानं पूर्ण जाणार नाही.

पाचवं नाव मिळालं त्या रात्री मी वाचत बसलो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ऑपेनहायमर यांनी 1932 मध्ये या आजारावर पेपर लिहिला, नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावली म्हणून आजार क्रोनच्या नावावर गेला. मराठी वर्णमालेनं लावली असती तर स्वर आधी, म्हणजे ऑपेनहायमरचा नंबर लागला असता! खरं तर डॅल्झील नावाच्या स्कॉटिश सर्जननं 1913 मध्येच असे पेशंट लिहून ठेवले होते, आणि त्यालाही हे गुरांच्या टीबीसारख्या एका आजाराची आठवण करून देणारं वाटलं होतं. म्हणजे घोळ आमच्यापासून सुरू झालेला नाही.

आयबीडीतला दुसरा भाऊ अल्सरेटिव्ह कोलायटिस. तो गुदाशयापासून सुरू होऊन मोठ्या आतड्यात सलग वर चढतो आणि भिंतीच्या आतल्या थरापुरता राहतो, रक्त जास्त पडतं. जपानचे पंतप्रधान शिन्झो आबे यांना हाच होता, 2007 आणि 2020 दोन्ही राजीनाम्यांच्या मागे तो होता. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही आणि मध्ये जागा सोडत सोडत होतो. दोन्ही आजार सांधे, डोळे, कातडी यांनाही त्रास देतात, भाच्याचं सारखं तोंड येणं त्यातलंच होतं.

"पण झालं कशानं?" ताईचा हा प्रश्न अजून संपलेला नाही. एकच कारण नाही. दोनशेहून जास्त जनुकीय जागा याच्याशी जोडलेल्या आहेत, त्यातलं एनओडी2 हे जनुक 2001 मध्ये पहिल्यांदा सापडलं, ते बॅक्टेरिया ओळखायचं काम करतं, पण युरोपात सापडलेले त्यातले नेहमीचे बदल भारतीय पेशंटमध्ये फारसे दिसत नाहीत. जुळ्यांमध्ये, अगदी एकसारख्या जुळ्यांमध्येही, एकाला क्रोन्स झाला तरी दुसऱ्याला होतोच असं नाही. हा गोऱ्या लोकांचा आजार आहे असं बरीच वर्षं मानायचे, मग 2003 मध्ये पंजाबचा अभ्यास आला, लुधियाना भागात लाखामागे 44 जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस. इंग्लंडात लेस्टरला गेलेल्या भारतीयांमध्ये तर तो तिथल्या गोऱ्यांपेक्षा जास्त दिसला. म्हणजे हवा-पाणी-अन्न, लहानपणी घेतलेली अँटिबायोटिक्स, पाकिटातलं खाणं, असं काहीतरी बदलतंय आणि आतड्यातली बॅक्टेरियांची वस्ती त्याच्याबरोबर बदलतेय. सिगरेटचं तर विचित्रच, क्रोन्स तिनं वाढतो हे नक्की, पण कोलायटिस पुष्कळदा सिगरेट सोडल्यावर सुरू होतो. (यावरनं कुणी सिगरेट सुरू करू नये, माझ्या एका मित्रानं लगेच पॉइंट काढला होता.)

औषधांचं सांगायचं तर सुरुवातीला स्टिरॉइड, आग विझवायला, कायम घ्यायला नाही. मग ॲझाथायोप्रिन, त्यानं तीन आठवड्यांत त्याचे केस झडले, पांढऱ्या पेशी खाली आल्या आणि गोळी बंद करावी लागली. एनयूडीटी15 नावाच्या जनुकातल्या एका बदलामुळे असं होतं आणि तो बदल आशियातल्या लोकांत जास्त सापडतो, आधी टेस्ट करता येते. मग बायोलॉजिक, टीएनएफला पकडून निकामी करणारी अँटिबॉडी. यातलं पहिलं, इन्फ्लिक्सिमॅब, अमेरिकेत 1998 मध्ये क्रोन्ससाठी आलं. नंतरच्या ॲडालिमुमॅबची स्वस्त भारतीय आवृत्ती 2014 च्या शेवटी निघाली, तरी 'स्वस्त' हा शब्द पगाराच्या स्लिपकडे बघत म्हणायचा.

आणि इथे चौथं नाव परत दारात उभं. टीएनएफ काही खलनायक नाही, टीबीचा झोपलेला जंतू ज्या रिंगणात कोंडून ठेवलेला असतो त्या रिंगणाचा सिमेंटच टीएनएफ आहे. तो काढला तर रिंगण ढासळतं. म्हणून बायोलॉजिक द्यायच्या आधी छातीचा एक्सरे, लपलेल्या टीबीची टेस्ट, सगळं करतात. भाच्यानं विचारलं, "मामा, म्हणजे जे नव्हतं ते होऊ नये म्हणून परत तपासायचं?" होय बाबा.

आता दीड वर्ष झालं, इंजेक्शन चालू आहे, सिंहगड चढून आला परवा. बरं वाटतंय म्हणून औषध सोडणारे पुष्कळ, आमच्याकडेही ती चर्चा झाली आणि डॉक्टरांनी तिथल्या तिथे मोडून काढली. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मेडिकलमधनं परस्पर आणायचं नाही, त्यानं आतडं भडकू शकतं. आतून काय चाललंय ते बघायला दर वेळी स्कोपी लागत नाही, शीमधलं कॅल्प्रोटेक्टिन मोजतात, सुजेच्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशींमधलं ते प्रोटीन असतं. पहिल्यांदा हजाराच्या वर होतं, गेल्या महिन्यात 68 आलं. त्या टेस्टची डबी त्यानं बाकरवडीच्या पिशवीत घालून फ्रिजच्या दारात ठेवली होती आणि आईनं ती उघडली, त्यावर घरात काय झालं ते इथे लिहीत नाही.

आतडं अरुंद आहे म्हणून बिया, सालं, चोथा कमी खायला सांगितलंय, त्यात सब्जा पण आला. आईला हे सांगायला कुणी तयार नव्हतं. शेवटी तोच बोलला. ती दोन दिवस गप्प होती, तिसऱ्या दिवशी ग्लास दिला आणि म्हणाली, "नुसतं कोकम आहे, गाळून घेतलंय."