अलिबागचा कुलाबा किल्ला बघायचाय? ओहोटीच्या आधी या, ओहोटीला नको

किल्ला समुद्रात आहे, ओहोटीला पाणी हटलं की चालत नाहीतर टांग्याने जाता येतं. म्हणून बुकिंग करताना सगळे विचारतात, ओहोटी किती वाजता? आम्ही समजा साडेनऊ सांगितलं तर मंडळी नाश्ता उरकून बरोब्बर साडेनऊला बीचवर हजर, आणि घोळ तिथेच होतो. साडेनऊला पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं, तिथून ते चढायलाच लागतं, म्हणजे तुम्ही दरवाज्यात पोचेपर्यंत परत फिरायच्या हाका सुरू. म्हणून आम्ही दीड तास आधी बोलावतो. काहींना वाटतं उगाच घाई करतात, पण लवकर उठावं आम्हालाही लागतं.

तारीख ठरवताना नुसता शनिवार-रविवार बघू नका, कॅलेंडरवरची तिथी पण बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, त्यात सहा तास इकडे-तिकडे केले की ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी लांबपर्यंत हटतं पण सकाळी सहाच्या सुमाराला, तेव्हा कोण उठतंय! अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला, पण पाणी भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पुरतं हटतच नाही. द्वितीया ते पंचमी सगळ्यात सोयीची. आणि वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे गेल्या आठवड्यात मित्राला मिळालेली वेळ घेऊन येऊ नका प्लीज.

वेळ हातात असली तरच किल्ला नीट बघून होतो. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये काम सुरू केलं, पुरं झालं संभाजी महाराजांच्या काळात. तटाचे मोठमोठे दगड चुना न घालता नुसते एकावर एक रचलेत, लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि जोर तिथेच मोडतो. हे हात लावून बघा, घाईत कुणाचंच लक्ष जात नाही. पुढे कान्होजी आंग्र्यांचं ठाणं इथेच, 1721 ला इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले तरी हात हलवत परत गेले. आत रघुजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, शिवाय चारी बाजूंनी खारं पाणी असून गोड्या पाण्याची विहीर!

चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफांजवळ सगळे कान्होजींच्या तोफा म्हणून सेल्फी काढतात. त्या 1849 च्या, इंग्लंडात ओतलेल्या आहेत, कान्होजी 1729 लाच गेले. सेल्फी काढा, पण स्टेटसला बरोबर लिहा.

आणि जंजिरा तो हा नाही, तो मुरूडला, सिद्दीचा, तिथे बोटीनेच जावं लागतं. दोन्ही एका दिवसात बसतात, पण आधी कुलाब्याची ओहोटी बघून मग मुरूडची वेळ ठरवायची, उलटं केलंत की एक किल्ला राहिलाच म्हणून समजा.

आमच्या पॅकेजमध्ये टांगा आणि किल्ला समजावून सांगणारा माणूस दोन्ही येतात, किल्ल्याचं तिकीट वेगळं. समुद्र खवळलेला असेल तर डबल पैसे दिलेत तरी नेणार नाही, तारीख बदलून देऊ. फोन करताना तारीख आणि बरोबर कोणी वयस्कर आहे का एवढं सांगा, निघायची वेळ आम्ही आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पाठवतो.