सुती की रेयॉन? कमी पैशांत स्वतःची शैली घडवताना

रस्त्यालगतच्या कपड्यांच्या दुकानात निळ्या रंगावर पांढरी बुट्टी असलेले दोन कुर्ते शेजारी शेजारी टांगलेले असतात. दोन्हींची किंमत ४००-४५० रुपयांच्या आसपास असते, दोन्ही हाताला मऊ लागतात आणि विचारले तर विक्रेता दोन्हींबद्दल ‘कॉटनच आहे, ताई’ असेच सांगतो. प्रत्यक्षात त्यांतला एक सुती असतो आणि दुसरा रेयॉनचा. वर्षाकाठी पाच-सहाच नवे कपडे घेण्याची ज्यांची ऐपत आहे, त्यांनी हा फरक रंगाच्या आणि नक्षीच्या आधी समजून घ्यावा असे मला वाटते. कारण कपडा अंगावर कोणता आकार धरणार आणि तो आकार किती दिवस टिकणार हे कापड ठरवते, आणि आपली म्हणून जी शैली लोकांच्या लक्षात राहते ती बरीचशी त्या आकारातच असते.

गफलत होते याला कारण आहे. दोन्ही धागे मुळात सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतीचेच. कापसात ते तंतुरूपात तयार मिळते, तर रेयॉनसाठी लाकडाचा लगदा रसायनांत विरघळवून, बारीक छिद्रांतून दाबून त्याचे तंतू काढावे लागतात. ही व्हिस्कोस पद्धत १८९२ साली इंग्लंडमध्ये शोधली गेली आणि पुढे बराच काळ हे कापड ‘नकली रेशीम’ म्हणून विकले जाई. आपल्याकडे मध्य प्रदेशातील नागदा आणि कल्याणजवळचे शहाड ही गावे याच धाग्यामुळे ओळखली जातात. मूळ एकच असल्यामुळे घरोघरी ठाऊक असलेली ‘दोरा जाळून बघण्याची’ युक्ती इथे निरुपयोगी ठरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, म्हणून ते लगेच उघडे पडते. सूत आणि रेयॉन मात्र दोन्ही कागदासारखे जळतात, वासही तसाच येतो आणि मागे राखच उरते.

फरक दिसतो तो पाण्यात. ओला झाल्यावर सुती धागा किंचित अधिक बळकट होतो, तर साध्या व्हिस्कोसची ताकद ओलेपणी निम्म्याच्या आसपास घसरते. हे मला एका कुर्त्याची किंमत मोजून कळले. गळ्याला लागलेला हळदीचा डाग काढण्यासाठी मी तो भिजवून नेहमीसारखा ब्रशने घासला आणि डाग निघण्याआधी शिलाईलगतचे कापडच विरले. दोष ब्रशचा नव्हता. आजीच्या सुती लुगड्याला जी वागणूक चालत असे, तीच मी रेयॉनला दिली होती.

आता शैलीकडे वळू. सुती कापड, विशेषतः पॉपलिन, घडी धरते. शर्टाची कॉलर उभी राहते, सरळ कुर्त्याची बाजूची रेघ सरळच पडते, चुण्या चुण्यांसारख्या दिसतात. रेयॉन जड आणि ढिले असते. ते अंगावरून ओघळते, म्हणून अनारकली, घेरदार झगा किंवा पलाझो त्यातच खुलतो, आणि तोच पलाझो पॉपलिनमध्ये शिवला तर तंबूसारखा फुगून उभा राहतो. रंगही रेयॉनवर अधिक गडद आणि चमकदार उठतो. त्यामुळे ज्यांना नेटके, सरळ रेषांचे कपडे शोभतात त्यांनी आपले मोजके पैसे सुतीवर घालावेत, आणि ज्यांना झुळझुळीत कपडा आवडतो त्यांनी रेयॉन बिनदिक्कत घ्यावे, फक्त ते रेयॉन आहे हे ओळखून घ्यावे. सरळ कुर्त्यासाठी घेतलेले रेयॉन काही धुण्यांतच गुडघ्यापाशी लोंबू लागते आणि माणूस विनाकारण गबाळा दिसतो.

ओळखायचे कसे? हात लावल्यावर रेयॉन थोडे थंड आणि निसरडे लागते, पण जाड-बारीक धाग्यांचे स्लब रेयॉन हातमागाच्या सुतीसारखे दिसते आणि तिथे चांगले जाणतेही फसतात. खात्रीची परीक्षा घरी होते. शिलाईच्या आतल्या दाबातून वीतभर दोरा ओढून घ्यावा, मधोमध ओला करावा आणि दोन्ही टोके धरून ताणावा. ओल्या जागी पटकन तुटला तर रेयॉन. सुती दोरा सहसा कोरड्या भागात तुटतो. लेबल असेल तर मात्र एवढे करायची गरज नाही: व्हिस्कोस हे रेयॉनचेच नाव आहे आणि मोडाल त्याचाच जरा दणकट भाऊबंद.

सुती म्हटले की सगळे चांगलेच, असेही नाही. स्वस्त सुतीत खळ भरून ते भरीव दाखवले जाते आणि पहिल्या धुण्यानंतर त्याची जाळी होते. कापडाची दोन टोके एकमेकांवर चोळून पांढरी भुकटी पडते का, एवढे पाहिले तरी पुरते. आटण्याचा धोका तर दोन्हींना आहे. म्हणून तयार कुर्त्यापेक्षा इचलकरंजीच्या मागांवरचे साधे पॉपलिन अडीच मीटर घेऊन, रात्रभर भिजवून, वाळवून मग शिंप्याकडे देणे मला अधिक पटते. मापही आपले आणि गळाही आपला.

हिशेबासाठी समजा, ४५० रुपयांचा रेयॉनचा कुर्ता २५ वेळा अंगात घातल्यावर गोळे येऊन उतरला, तर एका वेळेला १८ रुपये पडले. शिलाई धरून ७०० रुपयांत झालेला सुती कुर्ता ७० वेळा निघाला, तर १० रुपये. सणासुदीला वर्षातून चारदा घालायच्या झग्याला हा हिशेब लागू पडत नाही आणि तिथे रेयॉनच परवडते. तो झगा मात्र उलटा करून, साध्या पाण्यात, न पिळता धुवावा आणि दांडीवर टांगण्याऐवजी सावलीत आडवा पसरावा, नाहीतर पाण्याच्या वजनाने त्याचा घेर एका बाजूला उतरतो.