हॉटेलांतील बिनतारी व मोबाइल तंत्रज्ञान (बेळगाव सीमाभाग)

मागणी टिपणे, पैसे घेणे आणि गिऱ्हाइकाला इंटरनेट पुरवणे या कामांसाठी हॉटेल, खानावळ व लॉजमध्ये होणारा वाय-फाय आणि मोबाइल नेटवर्कचा वापर. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ‘हॉटेल’ म्हणजे बहुधा चहा-नाश्त्याचे ठिकाण. राहायचे ते लॉजवर. त्यामुळे या तंत्रज्ञानाची खरी जागा खोलीत नसून गल्ल्यावर आहे.

यूपीआय २०१६ मध्ये आले. जानेवारी २०२० पासून त्यावरचे व्यापाऱ्याचे कमिशन शून्य झाले, आणि एका चहाचे पैसेही फोनवरून घेणे परवडू लागले. क्यूआर कोडच्या कागदाला सर्रास ‘स्कॅनर’ म्हणतात. स्कॅन करतो तो फोन, पण ते असो. ‘पैसे आले काय बघा की’ या प्रश्नाला साउंडबॉक्सने, म्हणजे जमा झालेली रक्कम बोलून सांगणाऱ्या डबीने, उत्तर दिले. या डबीत स्वतःचे सिमकार्ड असते, म्हणून हॉटेलचे वाय-फाय बंद पडले तरी ती बोलते. तिची भाषा कन्नड, मराठी, हिंदी यांतून निवडता येते. पाटीच्या भाषेवरून जिथे वाद पेटतो, तिथे डबीने कुठल्या भाषेत बोलावे हे मालक ठरवतो.

मोठ्या हॉटेलांत वेटरने मोबाइलवर टिपलेली मागणी वाय-फायवरून आतल्या प्रिंटरकडे जाते आणि केओटीची, म्हणजे स्वयंपाकघरासाठीच्या मागणीची, चिठ्ठी निघते. राउटर व प्रिंटर जागेवरचेच असले, तर काही प्रणालींत यासाठी इंटरनेटही लागत नाही. टेबलावरचा क्यूआर मेनू मात्र एका दमात पदार्थ सांगणाऱ्या वेटरपुढे फिका पडतो.

लॉजमध्ये अडचण भिंतींची. ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय वेगवान, पण जाड दगडी भिंतीपलीकडे दमतो. २.४ गिगाहर्ट्झचा पलीकडे पोचतो; मात्र त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल (लहरींचे पट्टे) तीनच, १, ६ आणि ११. शेजारीशेजारी लॉज असले की राउटरांची तिथेच दाटी होते. गल्ल्याजवळ एकच राउटर टांगण्यापेक्षा मजल्यामजल्यावर तार नेऊन ॲक्सेस पॉइंट (तिथून वाय-फाय सोडणारी पेटी) बसवणे शहाणपणाचे. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातल्या कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी खोल्या भरतात, तेव्हा हे विशेष जाणवते.

बेळगाव दूरसंचाराच्या कर्नाटक सर्कलमध्ये (विभागात), तर हद्दीपलीकडचे, चंदगड तालुक्यातले शिनोळी महाराष्ट्र सर्कलमध्ये येते; गोवाही त्यातच. हद्दीवर फोन कधी अलीकडचा टॉवर धरतो, कधी पलीकडचा. रोमिंगचा खर्च गेल्यामुळे ते आता खिशाला कळत नाही. बिलावर मात्र हद्द दिसते: बेळगावच्या हॉटेलाचा जीएसटी क्रमांक २९ने सुरू होतो, शिनोळीच्या हॉटेलाचा २७ने.

गिऱ्हाइकांच्या वाय-फायसाठी बऱ्याच ठिकाणी मोबाइलवर ओटीपी मागवतात. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात रेंज नसते म्हणून माणूस वाय-फाय मागतो, आणि रेंज नाही म्हणून ओटीपी येत नाही. मग तो फोन उंच धरून अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहतो.