चालणं स्वस्त पडतं, म्हणून काटा हलत नाही

माझी मावशी गेले सहा महिने रोज पहाटे घराजवळच्या मैदानाला फेऱ्या मारते. रोजचे पाच किलोमीटर, खाडा जवळजवळ नाहीच. परवा भेटली तेव्हा रडवेली होऊन म्हणाली, "अरे, किलोभरसुद्धा उतरलं नाही. माझंच काहीतरी चुकत असणार." तिचं काहीही चुकत नाहीये. चालण्याचा हिशोबच तसा आहे, आणि तो तिला आजवर कुणी नीट मांडून दाखवला नाही याचं मला वाईट वाटलं.

आधी आकडे. सत्तर किलो वजनाच्या माणसाला सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालायला, तो नुसता बसून राहिला असता त्यापेक्षा जेमतेम ३५ कॅलरी जास्त लागतात. (आहारातली कॅलरी म्हणजे शाळेतली किलोकॅलरी.) पाच किलोमीटरच्या झाल्या १७५. एका वडापावात अंदाजे ३०० असतात. शरीरावरच्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात, म्हणजे किलोभर चरबी जाळायला ४४ दिवस. कागदावर वर्षाला आठ किलो. प्रत्यक्षात तेवढंही पदरात पडत नाही. आहार न बदलता, कमरेला पावलं मोजायचं यंत्र लावून चालणाऱ्यांवरचे ९ अभ्यास २००८ साली एकत्र तपासले गेले. त्यात वजनातली सरासरी घट निघाली १.२७ किलो.

इतकं स्वस्त का पडतं चालणं? कारण आपण उलटे लोलक आहोत. मला या विषयातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

घड्याळाचा लोलक वरून टांगलेला असतो. चालताना टेकलेला पाय हा तसाच लोलक, फक्त खुंटी खाली आणि वजन वर. उभं राहून सावकाश एक पाऊल टाकून बघा. टाच टेकते, गुडघा जवळपास सरळ राहतो आणि कंबर त्या पायावरून कमानीसारखी पुढे जाते. कमानीच्या माथ्यावर शरीर सर्वांत उंच आणि सर्वांत मंद असतं. तिथून ते पुढे कलंडतं, उंची कमी होते, वेग वाढतो. तोच वेग पुढच्या पायावर चढायला कामी येतो. उंचीचा वेग, वेगाची पुन्हा उंची. स्नायूंना दर पावलाला सगळी ऊर्जा नव्याने ओतावी लागत नाही. इटलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोवान्नी काव्हान्या यांनी जमिनीत बल मोजणाऱ्या पट्ट्या बसवून ही देवाणघेवाण मोजली. ताशी साडेचार-पाच किलोमीटरच्या आसपास ६० टक्क्यांहून जास्त ऊर्जा अशी परत मिळते. आपण सहज म्हणून जो वेग पकडतो तो नेमका हाच!

खर्च होतो तो एका कमानीवरून दुसरीवर जाताना. खाली येणारं शरीर पुन्हा वर वळवायचं असतं, त्यासाठी मागच्या पायाच्या पोटरीला रेटा द्यावा लागतो.

या लोलकाला मर्यादाही आहे. कमानीवर टिकून राहायला केंद्राकडे ओढणारं बल लागतं, आणि ते देणारं गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरं कोणी नाही. म्हणून वेगाचा वर्ग भागिले पायाची लांबी ही संख्या ९.८ पेक्षा मोठी होऊ शकत नाही. झाली तर पाय जमीन सोडतो. पायाची लांबी ०.९ मीटर धरली तर ही सीमा सेकंदाला ३ मीटर येते. त्याच्या बऱ्याच अलीकडे, ताशी ७ किलोमीटरच्या सुमारास, चालणं महाग पडू लागतं आणि शरीर आपणहून धावायला लागतं. बाबांचं बोट धरून चाललेलं पोर मध्येच दुडुदुडु धावतं ते याच सूत्रामुळे. त्याचा पाय आखूड, म्हणून सीमा लवकर येते.

केनियातल्या लुओ आणि किकुयू बायका डोक्यावर ओझं वाहतात. त्यांच्या श्वासातला ऑक्सिजन मोजल्यावर १९८६ साली असं दिसलं, की शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या जादा ऊर्जा न खर्चता नेतात. पुढे कारण सापडलं: ओझ्याखाली त्यांचा लोलक आणखी चोख चालतो. उलट, कोरड्या मऊ वाळूत लोलकाचा पायाच रुततो. तिथे कडक जमिनीपेक्षा दोन ते अडीच पट ऊर्जा लागते. चौपाटीवर चालून दम लागतो तो उगाच नाही. चढावर तर प्रत्येक मीटरची उंची रोख मोजून घ्यावी लागते.

कागदावरचे आठ किलो कुठे गेले, याचं उत्तर अर्धं भुकेत आहे आणि अर्धं शरीराच्या काटकसरीत. टांझानियातले हाद्झा लोक शिकार आणि कंदमुळांसाठी रोज मैलोन्‌मैल चालतात. हर्मन पॉन्टझर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला, तर अंगकाठीचा फरक वजा केल्यावर तो शहरी अमेरिकनांइतकाच भरला. शरीर एकीकडे जास्त खर्चतं आणि दुसरीकडे हात आखडतं.

म्हणून पोटाला गुंडाळायचे 'चरबी वितळवणारे' पट्टे विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. घामातून पाणी जातं, दोन ग्लास प्यायलात की वजन जागेवर. चरबी जाते ती श्वासातून: दहा किलो जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे बाहेर पडते, उरलेल्याचं पाणी होतं.

मग मावशीचे सहा महिने वाया गेले का? मुळीच नाही. काट्याला आतलं दिसत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपलीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एक, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे पोटात, आतड्यांभोवती चरबी तुलनेने जास्त साठते, आणि नियमित व्यायामाने ती वजन फारसं न बदलताही कमी होऊ शकते.

शिवाय साखर. मांडीचा स्नायू आकुंचन पावला की त्याच्या पेशींतले साखर आत घेणारे वाहक पृष्ठभागावर येतात, आणि त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. जेवणानंतर रक्तात चढणारी साखर तिथे खर्ची पडते. मावशीला मधुमेहाचा उंबरठा सांगितलेला आहे, तेव्हा पहाटेच्या फेऱ्यांइतकीच तिला रात्रीची शतपावली हवी. फक्त शंभर पावलं जेमतेम दीड मिनिटात संपतात. तिला म्हटलं, जेवणं झाली की पंधरा मिनिटं चाल, पावलं मोजू नकोस. कालपासून काका पण तिच्याबरोबर निघाले आहेत.